मालिश, पिशवी आणि आम्ही दोघं

हे वाचून सौंदडच्या चौकात दोन-चार जण हसतील, हे मला ठाऊक आहे. हसू द्या. चौकात माझं कृषी केंद्राचं दुकान आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. दिवसभर लोक येऊन धानाच्या रोगांविषयी बोलतात. करपा आला, खोडकिडा लागला, तुडतुड्यानं बांधी, म्हणजे धानाचं वावर, बसवली. धानाचं सगळं सांगतात, स्वतःच्या अंगाचं कोणी सांगत नाही. मीही सांगितलं नाही. एरवी माझ्या जिभेला हाड नाही. दुकानात आलेल्याची फिरकी घेतल्याशिवाय मी त्याला सोडत नाही. पण कमरेखालच्या दुखण्याविषयी बोलायची वेळ आली तेव्हा माझी बोबडी वळली.

ज्यांची अशीच वळलेली आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. औषधांची नावं यात मिळणार नाहीत, ती डॉक्टरांना विचारा. माझ्याकडे सांगण्यासारखं आहे ते वेगळंच आहे, आणि ते सांगताना मला फारसं चांगलं वाटत नाही.

चमक

सुरुवात कमरेपासून झाली. कमर दुखायची, आणि त्याहून जास्त बसायची जागा दुखायची. दुकानात खुर्चीवर टेकलो की खाली कोणी निखारा ठेवला आहे असं वाटायचं. लघवीला जळजळ, आणि होऊनही झाली नाही असं वाटत राहायचं. शकुनच्या जवळ गेलो तर नंतर दोन दिवस दुखायचं. शकुन म्हणजे माझी बायको.

आमच्याकडे कमरेत चमक भरली की आधी पायाळू माणसाकडे जातात. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्यानं दुखऱ्या कमरेला लाथ लावली की चमक निघून जाते म्हणतात. माझा लहानपणचा मित्र देवाजी पायाळू आहे. बिचाऱ्याला आयुष्यात दुसरा कुठला मान मिळाला नाही, त्यामुळे लाथ मारायला तो अगदी एका पायावर तयार असतो.

"पालथा पड गा," तो म्हणाला. "आता निंगते का नाही पाहा."

लाथ बसली. चमक होती तिथंच राहिली.

"दुसऱ्याची असती त निंगाली असती," देवाजी हात झटकत म्हणाला. "तुही चमक तुह्यावानीच हेकट हाये."

आम्ही दोघंही हसलो. इकडची आम्ही सगळी मुळात चोळणारी माणसं. पोर रडलं की चोळ, पोट दुखलं की नाभी सरकली म्हणून चोळ, बाळंतीण तर दोन वेळा चोळ. दाबलं, चोळलं की आतलं वाईट बाहेर पडतं, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. पुढे मी जो मूर्खपणा केला त्याचं मूळ मला यातच दिसतं.

अर्धा शब्द

शेवटी सडक अर्जुनीला डॉक्टरकडे गेलो. त्यांनी सोनोग्राफी करायला लावली आणि म्हणाले, "पौरुषग्रंथीला सूज आहे. प्रोस्टेट म्हणतात ना, ती. गोंदियाला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. ते बोटानं तपासतील, घाबरू नका."

मी त्यातला अर्धाच शब्द ऐकला. पौरुष. ग्रंथी-बिंथी माझ्या कानात शिरलीच नाही. पौरुषाला सूज आली म्हणजे पौरुष संपलं, एवढंच मला कळलं. वर बोटानं तपासणार म्हणे. कुठून, हेही त्यांनी खुणेनं दाखवलं. मी तिथल्या तिथे ठरवलं की गोंदियाला जायचं नाही. मेलो तरी नाही.

घरी शकुननं विचारलं, "काय म्हनलं डॉक्टरनं?"

"काही नाही. गरमी झाली म्हनते."

ती स्वतःच तेव्हा दुखण्यातून उठली होती. आदल्या दिवाळीत तिची पिशवी काढली होती. गर्भाशय हा शब्द आमच्याकडे कोणी उच्चारत नाही, पिशवी म्हणतात. अंगावरून जाणं थांबेना म्हणून काढावी लागली. तिला अजून जड उचलू देत नव्हतो. त्यामुळे मी मनाशी म्हणालो, तिच्या डोक्याला आणखी ताप कशाला.

गोंदियाऐवजी मी कोहमाऱ्याला गेलो. महामार्गावरचा मोठा चौक आहे, ढाबे आहेत, ट्रक थांबतात. ढाब्यांच्या मागे एका खोलीवर मोठी पाटी होती, गुप्तरोगांवर हमखास इलाज. आत एक गृहस्थ बसायचे, लोक त्यांना वैद्यराज म्हणायचे. कुठले होते, काय शिकले होते, मी विचारलं नाही. धानाच्या औषधाच्या बाटलीवरचं अक्षर न् अक्षर वाचणारा माणूस मी!

त्यांनी माझी नाडी धरली आणि डोळे मिटले. "धातु जा रही है भाईसाहब. नस कमजोर पड़ गई है. छे महीने परहेज. बीवी से बिलकुल दूर. नहीं तो उसको भी लगेगा."

काय लागेल, हे मी विचारलं नाही. शकुनचं ऑपरेशन डोळ्यासमोर होतं. तिला आता आणखी काही लागलं तर ती उठायची नाही, एवढंच वाटलं.

त्याच आठवड्यात मी माझी खाट आतल्या खोलीतून सपरीत आणली. सपरी म्हणजे घरापुढची पडवी. "आत गरम होते," मी शकुनला म्हणालो. माघ महिना होता. अंगणात पोरं शेकोटी करून बसली होती. शकुननं माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन जाड वाकळ आणून दिली.

सहा महिन्यांचं काय झालं

सहा महिने संपले, वैद्यराजांनी आणखी सहा सांगितले. पुड्या घेतल्या. कधी बरं वाटायचं, कधी पुन्हा जळजळ सुरू व्हायची. बरं वाटलं की पुड्यांचा गुण, दुखलं की माझ्याच परहेजात चूक. असं करत करत पाच-सहा वर्षं गेली. लिहायला एक ओळ लागली.

तसं घरात काही कमी नव्हतं. रोवणी झाली, कापणी झाली, पोरीचं लग्न करून तिला आमगावला दिली. शकुन आणि मी रोज बोलायचो. मजूर किती, भाजी कोणती, व्याह्यांकडे काय न्यायचं. भांडणं मात्र थांबली होती. नवराबायकोनं भांडणंही सोडली म्हणजे काय सुटलं आहे, हे मला तेव्हा कळलं नाही. उलट मी दुकानात ऐटीत सांगायचो, आमच्या घरी भांडण नाही.

एक गोष्ट दिसत होती. शकुन पाण्याचा लोटा माझ्या हातात देत नसे. खाटेजवळ जमिनीवर ठेवायची आणि वळायची. मला वाटायचं, हिला कळलं आहे. नवरा आता नावाचाच उरला हे हिला समजलं आहे आणि म्हणून हिला माझी किळस येते. मग मी आणखी तोंड फिरवून बसायचो. मला राग यायचा, आणि राग कुणाचा ते कळत नव्हतं.

मोबाइलमधले डॉक्टर

एकदा मी मोबाइलवर प्रोस्टेट हा शब्द टाकला. एकदाच. त्यानंतर मोबाइलनं माझा पिच्छा सोडला नाही. उघडला की पांढरा कोट घातलेला कोणीतरी हजर. एक म्हणतो, प्रोस्टेटची मालिश करा, सूज उतरेल. दुसरा म्हणतो, मालिश करणाऱ्याला कधी कॅन्सर होत नाही. तिसरा तर पंचविशीची ताकद परत देत होता. मी गिऱ्हाइकांना रोज ओरडतो की मोबाइल पाहून फवारू नका, पान तोडून आणा, मला दाखवा. आणि स्वतः सपरीत पडून हे पाहायचो, आवाज बंद करून.

वैद्यराजांनीही तोवर नवीन पाटी लावली होती. "अंदर की मालिश," ते म्हणाले. "पुराना इलाज है. राजा-महाराजा करवाते थे."

गेल्या साली धान निसवत होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या, त्या दिवसांत मला ताप भरला. हुडहुडी, लघवी अडलेली, खाली ठणका. अशा वेळी शहाणा माणूस दवाखाना गाठतो. मी मोटरसायकल काढली आणि कोहमारा गाठला.

"बुखार है? अच्छा है," वैद्यराज म्हणाले. "गंदगी बाहर आ रही है. मालिश से पूरी निकल जाएगी."

हे मला पटलं. आयुष्यभर हेच ऐकत आलो होतो ना, दाबलं की आतलं वाईट बाहेर पडतं! ज्या तपासणीला घाबरून मी डॉक्टरकडे जायचं टाळलं, तीच जागा मी या माणसाच्या हवाली केली. त्यानं बोटानं आतून ती सुजलेली गाठ दाबली, पुन्हा पुन्हा दाबली. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर वासराला चाटणारी गाय. मी दात आवळून त्या गायीकडे पाहत राहिलो. मला विंचू चावलेला आहे, मुतखडा झालेला आहे. हे त्याहून वाईट होतं. आणि बाहेर पडताना मी वर त्यांचे आभार मानले.

सौंदडच्या अलीकडे मोटरसायकलचं हँडल हातात राहीना. रस्त्याच्या कडेला बसलो. दात एवढे वाजत होते की ओळखीचा शेतकरी थांबला तरी त्याला नाव सांगता येईना. त्यानं घरी फोन केला. शकुन शेजाऱ्यांची गाडी घेऊन आली.

गाडीत तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि कपाळावर हात ठेवला. इतक्या वर्षांत तिचा हात पहिल्यांदा मला लागला होता.

"कुठं गेलते जी?"

"कोहमाऱ्याले."

"कायले?"

मी डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी चष्मा काढला

गोंदियाच्या दवाखान्यात नेईपर्यंत रक्तदाब उतरला होता. नळी घातली, सलाइन लावलं, काचेच्या खोलीत ठेवलं. थोडं भान आलं तेव्हा डॉक्टर उशाशी उभे होते. शांत माणूस, आवाज चढवत नाही.

"काही वेगळा उपाय केला होता का? खरं सांगा. लाजू नका."

शकुन पायाशी उभी होती. नर्स होती. मी म्हणालो, "मालिश."

"कुठली?"

"आतली."

डॉक्टरांनी चष्मा काढून हातात धरला. "ताप होता तेव्हा?"

"हो."

"काका, जंतू झाले की ती गाठ म्हणजे पिकलेलं गळू असतं. ते दाबलंत तर पू बाहेर कशाला येईल? आत रक्तात जाईल. तोच गेला आहे."

शकुननं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, ती माझी लाज वाटून तोंड झाकते आहे.

मी वाचेन की नाही हे पहिले दोन दिवस कोणी सांगत नव्हतं. भीती वाटली का? वाटली. पण मरणाची नाही वाटली तेवढी लोक काय म्हणतील याची वाटली. काय झालं म्हणून विचारतील, आणि शकुनला सांगावं लागेल. मरतानाही माणूस काय काय विचार करतो.

मग जनरल वॉर्डात आणलं. सकाळी छत्तीसगढकडची एक नर्स यायची, "पानी पियो दादा, खूब पियो," म्हणत नळीची पिशवी रिकामी करायची. ती माझ्या अंगाची इतकी सहज उस्तवार करायची की दोन दिवसांत माझी लाज आपोआप गेली. एवढी वर्षं जी जपली ती दोन दिवसांत गेली! सकाळचा चहा, नऊच्या सुमारास डॉक्टरांची फेरी, दुपारी पातळ वरण आणि भात. नळी टोचायची, पण ती काढल्यावर पहिल्यांदा लघवी विनात्रास झाली तेव्हा जो आनंद झाला तो पोरीच्या लग्नातही झाला नव्हता.

शेजारच्या खाटेवर छगनभाऊ नावाचे ट्रकवाले होते, मुतखड्यासाठी आलेले. त्यांनाही डॉक्टरांनी प्रोस्टेटची तपासणी सांगितली होती.

"मेरे को भी वो वाला चेकअप बोला," ते कुजबुजले. "मैंने साफ मना कर दिया. मर्द आदमी है यार. एक बार ऐसा करवाया तो आदमी बिगड़ जाता है."

"छगनभाऊ," मी म्हणालो, "डॉक्टरला अर्धा मिनिट बोट लावू दिलं नाही म्हणून मी ढाब्यामागच्या बाबाला लावू दिलं. अब बोलो, कौन ज्यादा बिगड़ा?"

ते एवढे हसले की नर्स धावत आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुकाट्यानं तपासणी करून घेतली. परत आले आणि म्हणाले, "बस इतनाच?" बस्स, एवढंच असतं. मला पाच-सहा वर्षांपूर्वी कोणी असं सांगायला हवं होतं.

पिशवी

एका सकाळी फेरीच्या वेळी डॉक्टर शकुनला म्हणाले, "काळजी करू नका. पिशवी तुंबली होती, आता मोकळी झाली आहे."

ते लघवीच्या पिशवीविषयी बोलत होते. डॉक्टर वळून पुढच्या खाटेकडे निघाले, तशी शकुन म्हणाली, "डॉक्टरसाहेब, एक विचारू का?"

"विचारा ना."

"हे माह्या पिशवीमुळं झालं का?"

डॉक्टरांना कळलं नाही. मलाही कळलं नाही.

"माही पिशवी काढली हाये," ती म्हणाली. खाली पाहत, भराभर. "गावात बाया म्हनतेत, पिशवी काढली की बाईच्या अंगात गरमी भरते. आतून रिकामी होते ती. बाईच राहत नाही. मंग ते मानसाले लागते. माही पिशवी काढली अन् हे सपरीत झोपाले लागले. हळूहळू मी समजली. त्याहीनं तोंडानं बोलून नाही दाखवलं, चांगले हायेत म्हनून. तवापासून मी दूरच राहिली. हातात पान्याचा लोटा नाही देत मी त्याहीच्या. तरी लागलंच ना."

छगनभाऊंनी तोंड फिरवलं.

मला रडू आलं. लपवण्यासारखं त्यात काही नाही. माझं तिला लागेल म्हणून मी बाहेर झोपलो, आणि तिचं मला लागेल म्हणून तिनं लोटा जमिनीवर ठेवला. ती मला पौरुष नसलेला समजते असं मला वाटत होतं. मी तिला बाई समजत नाही असं तिला वाटत होतं. एका घरात, एकाच छपराखाली, दोघंही एकमेकांना वाचवत होतो. आणि कशापासून? कशापासूनच नाही.

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि दोघांच्या मध्ये बसले. बाकीची फेरी त्यांनी थांबवली, हे उपकार मी विसरणार नाही.

"काकू, पिशवी काढल्यानं कोणी रिकामं होत नाही, आणि कोणाला काही लागत नाही. यांना जंतूंमुळे झालं, आणि हा आजार यांना तुमच्याकडून आलेला नाही." मग माझ्याकडे वळले. "आणि काका, ही आवळ्याएवढी गाठ आहे, मूत्राशयाच्या खाली. वीर्यात मिसळणारं पाणी तयार करते. बस्स. हिचं नाव ठेवणाऱ्यानं पौरुष हा शब्द का लावला कोण जाणे. माणसाचं पौरुष काही तिच्यात साठवून ठेवलेलं नसतं."

मी मालिशीचं विचारलं. आता लाजायला काही उरलं नव्हतं. ते म्हणाले, फार पूर्वी डॉक्टरही हा उपाय करायचे, चांगली औषधं आल्यावर मागे पडला. कधी तपासणीसाठी स्राव हवा असेल तर आजही डॉक्टर हलकेच दाबतात, पण ताप असताना कधीच नाही. मालिशीनं कॅन्सर टळतो, वाढलेली गाठ लहान होते, ताकद येते, याला आधार नाही.

"धडधाकट माणसानं, बायकोच्या आणि स्वतःच्या मर्जीनं, स्वच्छता पाळून खोलीत काय करावं, हा त्यांचा प्रश्न," ते म्हणाले. "त्यात पाप नाही की आजार नाही. फक्त त्याला औषध म्हणू नका."

शकुन पदराच्या टोकाशी चाळा करत होती. मग तिनं विचारलं, "म्हंजे आता... जवर झोपलं त चालते?"

"बरे होऊ द्या थोडे, मग चालेल," डॉक्टर म्हणाले. आणि मग सहज, काही मनात न ठेवता म्हणाले, "तसं आधीही चालतच होतं, काकू."

शकुन "बरं" म्हणाली आणि डबा धुवायला निघून गेली. बराच वेळ आली नाही.

घरी

घरी आल्यावरही कित्येक आठवडे गोळ्या होत्या. दुकान पोरीनं आणि जावयानं सांभाळलं. मला बांधावर दोन चकरा मारल्या की धाप लागायची. देवाजी भेटायला आला, बसला, आणि स्वतःच्या पायाकडे पाहत म्हणाला, "माहा पाय त नाही ना चुकला गा कुठं?" मी म्हणालो, तुझा पाय ठीक आहे, माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. त्याला फार बरं वाटलं.

मी खाट आत घेतली. मला वाटलं होतं, गैरसमज गेला की सगळं पूर्वीसारखं होईल, लाइट आली की पंखा आपोआप फिरतो तसं. तसं झालं नाही. आम्ही दोघं स्टेशनवरच्या बाकावर बसलेल्या अनोळखी माणसांसारखे झोपायचो. माझा हात चुकून लागला तर ती "काय पाहिजे?" विचारायची. पाणी पाहिजे का, गोळी पाहिजे का. तिला दुसरं काही सुचत नव्हतं. मलाही सुचत नव्हतं.

दुकानात आता कोणी गडी काउंटरवर वाकून, इकडेतिकडे पाहून, "भाऊ, तुमाले काय झालतं म्हनतेत?" असं विचारतो, तेव्हा मी समजतो. त्याला बसवतो, चहा पाजतो, सगळं सांगतो. डॉक्टरचं नाव देतो. आणि एक मुद्दाम सांगतो, घरी जाऊन आधी बायकोला सांग. आजच. तुझं तिला लागायचं भय वाटत असेल तर तेही सांग. तिच्याही मनात काही असेल, ते विचार. बहुतेक जण मान हलवतात. सांगतात की नाही, मला माहीत नाही. मीही त्या वेळी मानच हलवली असती.

गेल्या महिन्यात पुन्हा तपासणी झाली. शकुन बरोबर होती. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, छान, आता सहा महिन्यांनी या, सगळं ठीक आहे. शेवटी शकुनला ऐकू जाईल असं मुद्दाम म्हणाले, आता काही पथ्य नाही.

गोंदियाहून पॅसेंजर पकडली. गर्दी नव्हती. आम्ही दोघं एका बाकावर बसलो होतो, ती खिडकीशी. बाहेर कापलेल्या बांध्या मागे जात होत्या. मी खूश होतो, अगदी पोरासारखा. तिच्याजवळ सरकलो आणि हळूच म्हणालो, "ऐकलं ना व, डॉक्टर काय म्हनला? सगळं ठीक हाये."

"ऐकलं," ती म्हणाली.

"मंग?"

ती बाहेरच पाहत होती. रागात नव्हती. रागात असती तर मला बरं वाटलं असतं.

"तुमाले बरं कराले दवाई होती जी," ती म्हणाली. "पयल्या साली मी रोज वेनी घालून दारात बसत होती. तुमी पेपर वाचत बसत होते. दुसऱ्या सालीही बसली. मंग सोडून देल्लं. तवा मी बेचाळीसची होती. ते मले कोन वापस देते?"